रजेच्या पत्त्यावर आलेली तार

किसन,

परवा औंढ्यात तू गेल्यानंतरचं तुझं जलदान झालं. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा तुझा फोटो मोठा करून पांढऱ्या कापडावर ठेवला होता. त्यात तू कॅमेऱ्याकडे न बघता जरासा वर बघतोस. तुझी बहीण हिरा म्हणाली, "ह्यो फोटोत बी इमानंच बघतुया." कुणी हसलं नाही. वंदना झाल्यावर एकेक जण बोलायला उठले. मलाही उठवलं, कारण शाळेत तुझ्या बाकावर बसलेला मीच. दोन वाक्यं कशीबशी बोललो आणि खाली बसलो. जे सांगायचं होतं ते मांडवात सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून दवाखाना बंद झाल्यावर हे लिहायला बसलोय.

धर्मांतराला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आपल्या वस्तीत मॅट्रिक झालेले दोघंच, तू आणि मी. लोणावळ्याच्या वाचनालयात तू ती जाहिरात शोधून काढलीस. विमानतळावर माणसं हवी होती, टॉवरमध्ये बसून विमानांना वाट सांगायला. आपल्याला विमान म्हणजे भात लावताना कंबर सरळ करायच्या निमित्ताने वर बघायची वस्तू. ते जमिनीवर उभं कसं दिसतं तेही ठाऊक नव्हतं. तू म्हणालास, "रस्ता सांगायचा हाय ना वरच्याला? सांगू की. हितं डोंगरात वाट चुकलेल्यांना आपुनच सांगतो." मग लोहगडवाडीच्या वाटेनं चालत आपण इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. एक ओळ तू, एक ओळ मी. गुराखी पोरं आपल्याला वेडं समजायची.

लेखी परीक्षेत दोघंही पास झालो. पुढे डॉक्टरी तपासणी. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, यात कुठला आकडा दिसतो? मला ठिपकेच दिसले. पान उलटलं, तरी ठिपकेच. माझ्या मागे तू उभा होतास. तू हळूच कुजबुजलास, "सव्वीस." डॉक्टरांनी ऐकलं. म्हणाले, "याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. रेडिओ बंद पडला तर हा विमानाला कुठला दिवा दाखवेल? आणि तू त्याला आकडा सांगणार, पण उद्या त्याच्या मागे उभा राहणार आहेस का?" तुलाही तिथूनच हाकलतात की काय असं वाटलं मला. कुणासाठी नोकरी पणाला लावणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. नंतरही फार बघितले नाहीत.

परत येताना गाडीत तू म्हणालास, "मंग मी बी जात न्हाई." मी तुझ्याशी भांडलो. म्हणालो, तू गेला नाहीस तर मी तुझं तोंड बघणार नाही. तू गेलास. उत्तरेत कुठं तरी ट्रेनिंग झालं आणि नेमणूक मिळाली. त्या विमानतळाचं नाव इथं लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. मी लोणावळ्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर झालो.

पहिल्या रजेला आलास तेव्हा माझ्या टेबलावरची बाटल्यांना चिकटवायची लेबलं घेऊन तू मला तुझं काम समजावलंस. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी. तिच्यावर त्याचं नाव, उंची, कुठल्या ठिकाणावरून किती वाजता जाणार ती वेळ. विमान डोळ्यांना दिसतच नाही, दिसते ती पट्टी. लेबलं एकाखाली एक मांडून तू म्हणालास, "ह्यो खाली येतोय, ह्यो वर चाललाय. ह्याला खाली ये म्हणायच्या आधी मधली उंची मोकळी हाय का बघायचं. बास, येवढंच काम. पर ते इसरायचं न्हाई." मी विचारलं, विसरलं तर? तू लेबलं गोळा केलीस.

सुरुवातीची पत्रं कशी भरभरून यायची. पुढं त्यांतली वाक्यं तोकडी होत गेली. तुमच्या टॉवरमधली माणसं परदेशात निघाली होती. तिकडे दुप्पट-तिप्पट पगार आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली. जो जाई त्याची जागा कागदावर राही, पण तिथं बसायला कुणी येत नसे. नव्या माणसाला तयार करायला वर्ष लागतं, आणि त्याला शिकवायचं कुणी, तर जो आधीच दोन पाळ्या करतोय त्यानं. तू लिहिलं होतंस, "पाच जणांचं काम तिघं करतोय. जेवण टेबलावर येतं, पण खायचं कधी ते विमानं ठरवतात." मी लिहायचो, सोडून दे, तळेगावच्या कारखान्यात ये, आठ तास झाले की भोंगा वाजतो आणि माणूस घरी जातो.

हे आपलं भांडण कधी मिटलंच नाही. इंद्रायणीच्या पुलावर उभा राहून तू एकदा म्हणालास, "वसंता, तुझा दवाखाना एक दिस बंद असला तर लोक दुसऱ्या दिशी येत्यात. इमान दुसऱ्या दिशी येत न्हाई. ते आता डोक्यावर हाय, आताच त्याला कुणीतरी बोलाया पायजे." मी म्हणालो, ते कुणीतरी तूच कशाला? तू म्हणालास, "तितं आपल्यातला मी पहिला. मी गैरहजर राहिलो तर माझं एकट्याचं जात न्हाई. मागनं येणाऱ्याचा अर्ज बी त्यातच जातो."

आता त्या लग्नाचं लिहितो.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हिराचं लग्न ठरलं. तुझे आबा वारले होते, पाठचा भाऊ नव्हता. तुझी रजा दोनदा नामंजूर झाली. तिसऱ्यांदा तुझ्या वरच्या जागेवरचे सबनीस साहेब म्हणाले, "जा तू. तुझ्या पाळ्या मी ओढतो." पाच दिवसांची रजा मिळाली. रजेवर जाताना पत्ता लिहून द्यावा लागतो आणि औंढ्यात तार पोहोचायला फार वेळ लागायचा. म्हणून तू नेहमी माझ्या दवाखान्याचा पत्ता द्यायचास. तुझ्या नावापुढं माझं नाव. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तार आली. तारवाल्यानं माझी सही घेतली, सहीपुढे वेळ मांडली. तारेत तीनच गोष्टी होत्या. रजा रद्द. माणूस आजारी. ताबडतोब हजर हो. मी शर्टाच्या खिशात तार ठेवली आणि औंढ्याची वाट धरली. तुला देणारच होतो, किसन. वाटेत दुसरं काही मनात आलं नाही.

तू मांडवाच्या मेढी ठोकत होतास. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. आत बायका हिराला हळद लावत होत्या. मला बघून तू हातातली पहार टेकवलीस आणि म्हणालास, "काल लय झोपलो बघ. किती वर्सांनी. सपान बी पडलं न्हाई." तुझे डोळे पांढरे स्वच्छ दिसत होते. एरवी तू यायचास तेव्हा ते तांबारलेले असायचे. माझा हात खिशाशी गेला आणि तिथंच राहिला. मनात म्हटलं, उद्या दुपारपर्यंत काय बिघडतंय. एक दिवस. सगळं जग याच्या एका बहिणीच्या लग्नासाठी एक दिवस थांबू शकत नाही का?

मी दुसरी पहार उचलली आणि तुझ्यासोबत मेढी ठोकल्या.

लग्न झालं. जेवणं झाली. चार वाजता हिरा सासरी निघाली, तू तिला रस्त्यापर्यंत घालवून आलास. मग मी सांगितलं, तार आलीय. तू विचारलंस, "कवा?" मी म्हणालो, "आत्ताच." "कागद कुटं हाय?" "दवाखान्यात राहिला." मांडवातल्या खुर्च्या परत द्यायच्या राहिल्या होत्या, ते काम मला सांगून तू मिळेल त्या गाडीनं गेलास.

दोन आठवड्यांनी तुझं पत्र आलं. लग्नाच्याच दिवशी दुपारी अडीचला तिथं ते घडलं होतं. सबनीस साहेब आदल्या संध्याकाळपासून एकटे बसले होते. रात्रीची पाळी, मग सकाळची, मग दुपारची. त्यांनी एका विमानाला खाली यायला सांगितलं आणि मधल्या उंचीवरची पट्टी त्यांच्या नजरेतून सुटली. दोन्ही विमानं ढगातून एकदमच बाहेर आली. एका वैमानिकानं वेळीच वळवलं म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही. पण चौकशी लागली. साहेबांना टॉवरमधून काढून जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. पत्राच्या शेवटी तू लिहिलं होतंस, "मी रजा मागितली नसती तर ते एवढा वेळ बसलेच नसते."

त्या ओळीखाली मला किती वेळा लिहावंसं वाटलं. दोष रजेचा नव्हता रे, माझ्या खिशाचा होता. तार मिळाली असती तर तू संध्याकाळी निघाला असतास, सकाळी खुर्चीवर असतास आणि साहेब घरी झोपले असते. पत्र लिहायला घ्यायचो, 'प्रिय किसन' लिहायचो आणि दवाखान्यात कुणी तरी खोकत यायचं. खोकणाऱ्याचं निमित्त. मला भीती वाटत होती. तू मला टाकशील याची भीती.

त्यानंतर तू सलग आठवडाभर कधी गावी आला नाहीस. एखादा दिवस यायचास, हिराच्या घरी जाऊन परत. तुझ्या मागून लागलेली माणसं ऑफिसर झाली. दर खेपेला मी विचारायचो, तुझं कधी? तू म्हणायचास, "आमचं खातं सावकाश चालतं." मी मनात खात्याला शिव्या घालायचो. तुझ्या हाताखाली शिकलेल्या माणसाला तू आता साहेब म्हणतोस हे तू हसत सांगायचास, आणि ते हसणं मला खरं वाटायचं.

दुष्काळ सरला आणि यंदा शिमग्याच्या आधी तू आलास. स्टेशनवरून औंढ्याला जाताना तू वाटेत तीनदा बसलास. दुसऱ्या दिवशी मी तुला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब घेतला, छाती दोनदा ऐकली, मला आत बोलावलं. म्हणाले, "याला पंधरा दिवस अंथरुणातून उठू देऊ नकोस." सर्टिफिकेट मीच लिहून त्यांच्यापुढे सहीला धरलं. तू ते घेतलंस. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तार आली. तीच, रजा रद्द, हजर हो. या वेळी मी खिशात ठेवली नाही. हातात धरून सायकल दामटत औंढ्याला आलो. तू ओट्यावर घोंगडी घेऊन बसला होतास. तार वाचलीस. माझ्याकडे बघून म्हणालास, "लवकर आणलीस."

मी म्हणालो, "जाऊ नकोस. डॉक्टरांचा कागद आहे. कायद्यानं तुला कुणी काही करू शकत नाही."

"कागद हाय वसंता. मानूस न्हाई. येक जण आजारी पडलाय, उरल्यात दोघं. ते किती येळ बसतील?"

"बसू देत. तू मेलास तर?"

"मागल्या बारीला मी हितं मांडवात होतो, आन् तितं म्हातारा मानूस एकला बसला. त्याचं काय झालं ते ठाव हाय तुला. पुन्यांदा न्हाई."

तेव्हा सांगायला हवं होतं. तुझ्यापुढे बसून सांगायला हवं होतं की मागल्या वेळी तू मांडवात राहिला नाहीस, मी तुला ठेवला. ते ओझं तुझं नाही, खाली ठेव आणि झोप. कदाचित थांबला असतास. मी घोंगडीची घडी घातली आणि तुझी पिशवी उचलली. फलाटावर पुन्हा एकदा तोंड उघडलं. गाडी आली. तू डब्यातून म्हणालास, "आपल्या कांबळ्यांच्या पोराला अर्ज भराया सांग. जाहिरात येनार हाय. त्याला म्हनावं, काम लय चांगलं हाय, मानसं कमी हायती."

बारा दिवसांनी तिकडून वहिनींची, तुझ्या बायकोची, तार आली.

गावी आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. पाळी संपली, बदलीचा माणूस आला. तू त्याला आकाशातलं एकेक विमान क्रमानं सांगितलंस, कुठलं कुठे आहे, कुणाला काय सांगून झालंय, कुणाला काय सांगायचंय. वहीत सही केलीस. जिना उतरताना मधल्या बाकावर बसलास. पाणी आणायला गेलेला माणूस परत आला तेव्हा तू गेला होतास.

परवा जलदानाला सबनीस साहेब आले होते. निवृत्त झालेत, काठी घेऊन चालतात. त्यांना स्टेशनवर पोहोचवायला मी निघालो. अर्ध्या वाटेत मी थांबलो आणि त्यांना सगळं सांगितलं. तार, खिसा, मेढी, 'आत्ताच आली'. मला वाटलं ते काठी उगारतील. मला ते चाललं असतं.

ते म्हणाले, "म्हणजे तुम्हीच ते वसंत. सही तुमची होती."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. चौकशीत तारेची पोच मागवली होती. तिच्यावर माझी सही आणि वेळ. ती पोच तुझ्यापुढे ठेवली होती, किसन. साहेब शेजारीच बसले होते. तुला विचारलं, तार आदल्या दुपारी मिळाली होती का? तू त्या सहीकडे बघितलंस आणि म्हणालास, "हो, मिळाली होती. मी गेलो नाही." ते तसंच लिहून घेतलं. त्याच वाक्यावर तुझी बढती पुढं कायमची थांबली.

"मी त्याला बाहेर आल्यावर विचारलं," साहेब म्हणाले, "खोटं का बोललास? तर म्हणाला, मित्रानं माझ्यासाठी केलं, त्याला यात ओढून काय मिळणार?"

मी विचारलं, "तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला. बरीच वर्षं होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही. तार वेळेवर मिळाली असती तर तो आला असता आणि मी घरी गेलो असतो." ते थोडं चालले. "पण चौकशीत सगळ्यांनी विचारलं, खुर्चीवर कोण होतं. एवढ्या मोठ्या कामाला खुर्चीवर बसायला दुसरं कुणीच कसं नव्हतं, हे एकानंही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात गेलो होतो तिथं. पाळ्यांच्या तक्त्यावर अजून किसनचं नाव आहे. खोडलं तर जागा रिकामी दिसते, म्हणून कुणी खोडत नाही."

गाडी गेल्यावर मी फलाटावरच बसून राहिलो. सहा वर्षं तू माझ्याकडे येत होतास. माझ्या टेबलाशी बसून चहा पीत होतास. खातं सावकाश चालतं म्हणत होतास. रजेचा पत्ता म्हणून दर वेळी माझंच नाव देत होतास. मी जे तुझ्यापासून लपवत होतो ते तू माझ्यापासून जपत होतास. त्यासाठी तुझे आभार मानावेत की तुझ्यावर रागवावं, मला ठरवता येत नाही. एकदा बोलला असतास तर मीही बोललो असतो. दोघंही गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्यात तू गाडीत बसून गेलास.

आज सकाळी मी हिराकडे गेलो. ती तुमच्याच घरी राहिली आहे, वहिनींच्या सोबतीला. अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिलाही सगळं सांगितलं, साहेबांनी सांगितलेलं धरून. तिचे हात चालत राहिले. माझं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"तार आली तवा मी आतच व्हते न्हवं, हळदीला?"

"होतीस."

"मंग मला का न्हाई इचारलंस, वसंतादादा? मीच धाडला असता त्याला. म्हनले असते, जा, येवढी मानसं वर हायती, त्यांच्या बी घरी कुनाचं तरी लगीन असंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी दोघांनी माझ्या लग्नापायी येवढं केलं, आन् मला येका सबदानं इचारलं न्हाई."

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

बाकी सगळं तुला ठाऊकच होतं, किसन. हिरा म्हणाली ते एवढं ठाऊक नव्हतं. म्हणून लिहिलं.

तुझा,
वसंता